मसूर स्टेशन आणि साडेसहाशे शब्द

मागच्या ऑक्टोबरमध्ये विट्याच्या एका मुलीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘दादा, माझ्या निबंधाचा पहिला ड्राफ्ट आहे का तुमच्याकडे? एकदम पहिला.’ डॉक्युमेंट माझ्या ड्राइव्हवर होतं आणि फोनवरच्या ॲपमध्ये तिला जुनं काही सापडत नव्हतं. मी लॅपटॉप उघडला, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी काढली आणि तासभर तिथेच बसलो.

व्हर्जन हिस्टरी आम्हा प्रोग्रॅमर लोकांना नवीन नाही. कुठली ओळ कुणी, कधी आणि का बदलली, हे पाहण्यातच आमचा निम्मा दिवस जातो. पण स्वतःच्या चुका कोडमध्ये पाहणं वेगळं आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यावर केलेल्या पाहणं वेगळं. तिचे बदल हिरव्या रंगात दिसत होते, माझे जांभळ्या. पहिल्या व्हर्जनमध्ये सगळं पान हिरवं. एकोणिसाव्यापर्यंत हिरवा रंग जवळजवळ संपलेला.

आधी मी काय करतो ते सांगतो. मी मूळचा कराडचा, नोकरी पुण्यात, आयटीत. २०१६ला बारावी झालो. त्याआधीची दोन वर्षं राज्यात इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर झाले होते आणि आमच्या वर्षी सीईटी परत आली, त्यामुळे आमच्या कॉलेजात कुणालाच काही धड माहीत नव्हतं. ऑप्शन फॉर्म मी एका सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरला. तो बरा माणूस होता, पण त्याचं ज्ञान ‘कॉम्प्युटर वर टाक, सिव्हिल खाली टाक’ एवढंच. तेव्हाची ती घालमेल लक्षात राहिली, म्हणून चार वर्षांपासून दर रविवारी सकाळी सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांशी गूगल मीटवर बसतो. बहुतेक काम रटाळ असतं : नॉन-क्रिमीलेअर कधी काढायचं, राउंड कसे चालतात, फ्रीझ म्हणजे काय. अलीकडे मात्र काही मुलं खासगी विद्यापीठांना, परदेशी कॉलेजांना, शिष्यवृत्त्यांना अर्ज करू लागली आहेत. तिथे निबंध लागतो. म्हणजे ‘माझा आवडता ऋतू’ नव्हे, तर स्वतःबद्दलचा. अमेरिकेतली हजारावर कॉलेजं जो सामाईक अर्ज वापरतात, त्या कॉमन ॲपमध्ये त्याची मर्यादा साडेसहाशे शब्द आहे. आमच्याकडच्या विद्यापीठांचे आकडे वेगळे असतात, पण मागणी तीच : तू कोण आहेस, काय सोसलंस, त्यातून काय शिकलीस.

हा एक साहित्यप्रकार आहे. तो कुणी साहित्यप्रकार म्हणून वाचत नाही, कारण तो छापला जात नाही आणि त्याचा वाचक एकच असतो, तोही घाईत. पण दरवर्षी जगभरातली लाखो मुलं आत्मचरित्राचं एक पान लिहितात आणि त्या पानावर त्यांचं काहीतरी ठरतं. एवढी पणाला लागलेली आत्मचरित्रं दुसरीकडे कुठे लिहिली जात असतील असं मला वाटत नाही. म्हणून इथे त्याचं थोडं परीक्षण करतो. सुरुवात स्वतःच्या संपादनापासून.

त्या मुलीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये काय होतं? तिचे वडील गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडे माण-खटाव या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. कोणी तामिळनाडूत, कोणी केरळात, कोणी बंगालमध्ये. मुलं गावाकडे आजीजवळ शिकतात, वडील दिवाळीला आणि जत्रेला येतात. तिने लिहिलं होतं की वडील आले की घराला ॲसिडचा वास येतो आणि ते गेल्यावर चार दिवस राहतो. लिहिलं होतं की वडिलांची आठवण तिला फारशी येत नाही आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. मग एक मोठा परिच्छेद, चुकांनी भरलेल्या इंग्रजीत : अकरावीच्या पुस्तकात नायट्रिक ॲसिडबद्दल वाचून तिने फोनवर वडिलांना सांगितलं की हा धूर फुप्फुसाला वाईट असतो. वडील म्हणाले, तुझ्या क्लासची फी त्याच धुरातून येते. ती पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्या पंधरा दिवसांत तिने वहीत दुकानाचा नकाशा काढला, भट्टी कुठे, खिडकी कुठे, आणि धूर कुठून बाहेर काढता येईल याच्या रेघा मारल्या. शेवटचं वाक्य असं होतं की दुकान बंद व्हावं असं वाटतं की दुकानाला चांगली चिमणी बसावी असं वाटतं, हे तिचं अजून ठरलेलं नाही.

मी त्यावर कॉमेंट टाकली होती. ती अजून तिथे आहे. ‘छान आहे, पण स्टोरी क्लिअर नाही. स्ट्रगल काय? ग्रोथ काय?’

मग मी दुष्काळ आणला. खानापूर तालुका, दुष्काळी पट्टा, डोक्यावर हंडा, बाप पोटासाठी परमुलखात. तिने बाजूला लिहिलं, ‘दादा, आमच्याकडे टेंभूचं पाणी आलंय.’ टेंभू माझ्याच गावाशेजारी. तिथून कृष्णेचं पाणी उचलून वर त्यांच्या माळावर नेतात, आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी उत्तर दिलं, ‘आधी नव्हतं ना?’ त्यावर तिने काही लिहिलं नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये हंडा आहे.

धुराचा परिच्छेद अकराव्या व्हर्जनला गेला. कारण म्हणून मी लिहिलं होतं : ‘फादर निगेटिव्ह वाटतात.’

हा प्रकार माझ्या एकट्याचा नाही. या निबंधांचा एक साचा आहे आणि तो यूट्यूबवर फुकट मिळतो. सुरुवात एका प्रसंगाच्या ऐन मध्यात. मग अडचण. मग एक वळण, तिथे एखादी शिक्षिका किंवा एखादं पुस्तक. शेवटी गावासाठी काहीतरी करण्याची प्रतिज्ञा. साच्याबद्दल माझी तक्रार नाही. अभंगालाही साचा असतो. तक्रार त्यातल्या अडचणीबद्दल आहे. या निबंधातली अडचण कुणी निर्माण केलेली नसते. गरिबी ‘असते’, पाणी ‘नसतं’, मुलीचं शिक्षण ‘थांबायची वेळ येते’. ती थांबवणाऱ्या माणसाला नाव नसतं, चेहरा नसतो, कारण तसा चेहरा आला की निबंध कडवट वाटतो. वाचणाऱ्याला दुःख हवं असतं, पण भांडण नको असतं. आणि दुःखही संपलेलं हवं. सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अर्ज भरायच्या तारखेआधी पचवून झालेली असली पाहिजे.

हे मला नीट दिसलं ते रेल्वेत. पुण्याहून कराडला येताना साताऱ्यापुढे कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर लागतं. शेकडो वेळा या स्टेशनावरून गेलो असेन, फोनमधून मान वर न काढता. गेल्या हिवाळ्यात फोनमध्येच डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचत होतो. छोटं पुस्तक आहे, १९३५-३६च्या सुमारास लिहिलेलं, त्यांच्या हयातीत न छापलेलं. १९९०मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून काढलं. त्यातला पहिलाच प्रसंग मसूर स्टेशनवरचा आहे, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. शाळेत दर वर्षी भाषणं ऐकली, पण हे स्टेशन कुणी दाखवलं नाही.

प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. साल १९०१. कुटुंब साताऱ्यात. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलाव खोदायच्या ठिकाणी रोखपाल. ते मुलांना सुट्टीत बोलावतात. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं निघतात. नवे शर्ट, चमकत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मसूरला उतरतात. घ्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर चौकशी करतो, कपड्यांवरून ही वरच्या जातीची मुलं असं त्याला वाटतं. हा मुलगा पटकन जात सांगून टाकतो आणि मास्तरचा चेहरा बदलतो. स्टेशनावर बैलगाड्या भरपूर, पण दुप्पट भाडं देऊनही कोणी न्यायला तयार नाही. शेवटी तोडगा निघतो की मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवान बरोबर चालत येईल. डबे भरलेले आहेत, पण रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून, उर्दूत बोलून पाणी मागतात, तरी मिळत नाही. जवळ अन्न असून उपाशी झोपतात. वडिलांना मुलं येणार हे कळलंच नव्हतं, कारण त्यांच्या नोकराने पत्र द्यायचं विसरून गेला होता.

आता मी माझं जांभळं पेन घेऊन या मजकुराकडे बघतो. पहिल्यांदा काय कापलं असतं? टोप्या आणि रेशीमकाठी धोतरं. ‘प्रिव्हिलेज्ड वाटतंय.’ मग टोलनाक्यावरचं खोटं. ‘इंटेग्रिटीचा प्रश्न येईल, टाळू या.’ मग नोकराचं विसरणं : सगळ्या रात्रीमागे एक क्षुल्लक चूक आहे, त्याने स्ट्रगलचं वजन कमी होतं. आणि शेवट? बाबासाहेब म्हणतात की जबर धक्का बसला, आणि तोवर सवयीची असलेली अस्पृश्यता ही विचार करायची गोष्ट झाली. बस. त्यातून जिद्द मिळाली, मी ठरवलं, मी गावासाठी, यातलं काही नाही. हे लिहिणारा माणूस तोवर दोन पदव्यांवर डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतलेला होता. यशाचा शेवट जोडायचा हक्क त्याच्याएवढा कुणालाच नव्हता, आणि तो त्याने वापरला नाही.

जे मी कापलं असतं त्यावरच तो प्रसंग उभा आहे. टोप्या नसत्या तर मास्तरचा गैरसमज झाला नसता आणि जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलण्याला अर्थ उरला नसता. मुलं गरीब म्हणून अडली नाहीत, पैसे खिशात होते. मुख्य म्हणजे इथे अडचणीला चेहरे आहेत : मास्तर, गाडीवान, टोल वसूल करणारा. त्यातला कोणी राक्षस नाही. मास्तर तर आपल्या परीने मदतच करतो. लेखक त्यांना माफ करत नाही आणि शिव्याही देत नाही, फक्त प्रत्येकाला त्याच्या जागी उभं करतो. आणि हे सगळं तो कुणाच्या दयेसाठी लिहीत नाही. परदेशी वाचकाला अस्पृश्यता ऐकून माहीत असते पण उमगत नाही, ती उमगावी म्हणून लिहितो.

आमच्या घरातल्या पोरांना मसूरला बैलगाडी मिळाली असती. आमच्या पणजोबांकडे तेव्हा गाडीही असावी. हे इथे लिहायला हवं, कारण दुसऱ्यांच्या दुःखाला ‘ग्रोथ’ विचारणारा मी कुठून बोलतो ते वाचकाला कळलं पाहिजे.

दुसरं पुस्तक आनंद यादवांचं ‘झोंबी’. १९८७चं, कागलचं. बारावीला हिंदी विषय घेणाऱ्या मुलांना त्यातला भाग ‘जूझ’ नावाने एनसीईआरटीच्या पुस्तकात असतो. शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाची प्रेरक गोष्ट म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पण त्यात शाळा कशी मिळते बघा. बाप शाळा सोडायला लावतो. आई आणि मुलगा रात्री दत्ताजीराव देसाईंच्या वाड्यावर जातात, त्यांना गाऱ्हाणं सांगतात आणि आम्ही येऊन गेल्याचं बोलू नका असंही सांगून येतात. घरी भलतंच कारण. दत्ताजीराव बापाला बोलावून झापतात. थोडक्यात, शाळा कटाने मिळते. आई-मुलाने बापाविरुद्ध केलेला कट, गावच्या बड्या माणसाचा वापर करून. आणि बाप तरीही पुस्तकभर बाप राहतो, त्याचा राग येतो आणि त्याच्या कष्टांनी पोटात कालवतं. ही गोष्ट घेऊन आनंदा माझ्या मीटवर आला असता तर मी म्हटलं असतं, ‘फादर निगेटिव्ह वाटतात.’

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा निबंध मागणंच बंद करा म्हणतोय. तसं सोपं नाही. आपल्या राज्याचा ऑप्शन फॉर्म बघा. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, प्रत्येकाचा चॉइस कोड, पर्सेंटाइल, प्रवर्ग, डोमिसाइल. एकही वाक्य नाही. बारा वर्षं शिकलेल्या मुलाला हे राज्य एकदाही विचारत नाही की बाबा, तुला हे का करायचंय? कराडच्या प्रत्येक शाळेत यशवंतराव चव्हाणांची एक गोष्ट सांगतात : टिळक हायस्कूलमध्ये शिक्षकांनी मुलांना कोण होणार ते लिहायला सांगितलं, बाकीच्यांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली, यशवंताने स्वतःचंच लिहिलं. गोष्ट आम्हाला पाठ आहे, पण तो प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही. त्या विट्याच्या मुलीने धुराचा परिच्छेद लिहिला तो कुणीतरी निबंध मागितला म्हणूनच. ऑप्शन फॉर्मच्या नादात तो नकाशा वहीतच राहिला असता.

पण या कोरड्या फॉर्मची एक गोष्ट मला आता आवडू लागली आहे. तो दाखला मागतो, दुःख मागत नाही. प्रवर्गाच्या रकान्यात टिक करणाऱ्या मुलाला मसूर स्टेशनची रात्र कुणाला सांगावी लागत नाही. साताऱ्यातल्या तेव्हाच्या सरकारी हायस्कूलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. तो दिवस २०१७पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रजिस्टरमधली एक ओळ आहे ती, १९१४ क्रमांकाची. त्या ओळीने त्याला वर्गात बाकावर बसवलं नाही, स्वतःचं पोतं घेऊन बाजूला बसावं लागलं, हे खरं. पण दार उघडायला तिने त्याच्याकडून गोष्ट मागितली नाही.

निबंध मागणाऱ्यांचा इतिहास याहून वाईट आहे. जेरोम काराबेल यांच्या ‘द चोझन’मध्ये तो सविस्तर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता. ज्यू मुलं परीक्षेत वर येऊ लागली, तेव्हा १९२०च्या दशकात या कॉलेजांना एकाएकी ‘चारित्र्य’ महत्त्वाचं वाटू लागलं. फोटो, मुलाखत, शिफारसपत्रं, घरादाराचे प्रश्न अर्जात आले. म्हणजे ‘तू कोण आहेस’ हा प्रश्न विचारला गेला तो काही जणांना बाहेर ठेवण्यासाठी. आणि २०२३च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली, तेव्हा एक खिडकी उघडी ठेवली : वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला ते मुलाने निबंधात लिहावं. रकाना गेला आणि त्याचं ओझं निबंधावर आलं. आता तिथल्या काळ्या मुलाला आपलं मसूर साडेसहाशे शब्दांत नीटनेटकं मांडून दाखवावं लागतं, तेही दर वेळी, आणि चांगलं. आपल्याकडे ‘आरक्षण नको, होलिस्टिक ॲडमिशन करा’ असं लिंक्डइनवर लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनी याचा जरा विचार करावा.

विट्याच्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलं. दुष्काळाचा निबंध आवडला. मुलाखतीत पाण्याबद्दलच विचारलं आणि तिने पाठ केलेलं सगळं सांगितलं. निवड झाली, निम्मी फीमाफीही मिळाली. मी खुशीत फोन केला तर ती म्हणाली, ‘मिळालं दादा, पण मलाच मिळालं असं वाटत नाय.’ उरलेली निम्मी फी घरच्यांना झेपणारी नव्हती. कॅपमधून इंजिनिअरिंगला गेली तर २०२४च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ, पण ती माफी खासगी विद्यापीठांना लागू नाही. आजीने हिशेब दोन मिनिटांत केला. ती दुसऱ्या राउंडला केमिकल ब्रँचला लागली, घरापासून एसटीच्या अंतरावर. माझ्या एकोणिसाच्या एकोणीस व्हर्जनचा शेवटी काही उपयोग झाला नाही.

या वर्षी मी कॉमेंट टाकायची पद्धत बदलली आहे. पहिला ड्राफ्ट आला की त्याची कॉपी काढून मुलाच्याच ड्राइव्हवर ठेवायला लावतो आणि तीन आठवडे फक्त प्रश्न विचारतो, वाक्य बदलत नाही. मुलं वैतागतात. जतकडचा एक मुलगा म्हणाला, ‘दादा, तुम्ही आधी भारी करून द्यायचा म्हणं.’ त्याचंही बरोबर आहे. समोरचा साचाच मागतोय आणि मी माझ्या नव्या शहाणपणाची किंमत त्याच्याकडून वसूल करतोय, अशी शंका मला येते. त्याचा निबंध अजून अर्धा आहे आणि तारीख जवळ येतेय.

त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी पहिलं व्हर्जन कॉपी करून तिला पाठवायला घेतलं. स्पेलिंगच्या चुकांखाली लाल रेघा येत होत्या, त्या तशाच ठेवल्या. पाठवण्याआधी विचारलं, ‘आता कशाला हवाय?’

‘मिनी प्रोजेक्टचा विषय द्यायचाय सोमवारपर्यंत,’ तिने लिहिलं. ‘चिमणीचं काहीतरी लिवलं होतं मी. वही आजीनं रद्दीत दिली. तेवढा पॅरा आहे ना त्यात?’